प्रॅक्टिकलची अंडी

"तुमच्यात चालतं ना?"

मुजुमदार सरांनी एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. तोंड वाकडं केलं नाही. उलट हसून विचारलं.

प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर टोपलीत अंडी ठेवली होती. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची डझनभर मुलं टेबलाभोवती उभी होतो. अंड्याला हात कोणी लावायचा, एवढाच प्रश्न होता. सरांनी एकेकाकडे पाहिलं. कुणी खाली बघितलं, कुणी खिडकीबाहेर. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या. कुणी ठरवलं नव्हतं. नजरांना वाट पाठ होती.

मी म्हणालो, "हो, सर."

"मग ये पुढे. फोड."

मी पुढे गेलो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कॉलेजात आल्यापासून सरांनी पहिल्यांदा मला पुढे बोलावलं होतं. बाकीच्यांना ते आडनावाने हाक मारत, अहोजाहो करत. मला 'अरे'. पण त्या दिवशी त्या 'अरे'तसुद्धा मला माया ऐकू आली. हे आठवलं की आजही मान खाली जाते. त्यांनी फोड म्हटलं म्हणून नाही. मला बरं वाटलं म्हणून.

अंडं फोडायला गेलो आणि बलक फुटला. पिवळं पाणी टेबलभर झालं. मुलं मागे सरकली. एकाने नाकाला रुमाल लावला. मी घाईघाईने माझ्या सदऱ्याच्या बाहीने टेबल पुसलं. कुणी पुसायला सांगितलंही नव्हतं.

ही इंदूरची गोष्ट. संस्थान विलीन झालं होतं आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं होतं. राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष आमच्याकडे असायची. अस्पृश्यता कायद्याने गेली होती. आम्ही महार. माझे आजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून दक्षिणेतून इकडे आले. फौज गेली, मग वडील कापडाच्या मिलमध्ये लागले. आम्ही परदेशीपुऱ्यात मिलच्या मागे राहायचो. घरात मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात माळवी. वस्तीतून विज्ञान घेऊन कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दादा, म्हणजे माझे वडील, मिलच्या फाटकावर ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाला थांबवून सांगायचे, "आमचा पोरगा सायन्स कॉलेजात आहे." मला लाज वाटायची. पण त्यांना थांबवावंसंही वाटत नव्हतं.

मुजुमदार सरांचं घराणंही दक्षिणेतूनच आलेलं. फक्त ते घोड्यावर आणि आमचे आजोबा घोड्याच्या मागे. त्यांचे वडील, आजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. राज्य बदललं, पण बंगल्यावरची पाटी बदलली नव्हती. सर आम्हाला आनुवंशिकता शिकवायचे आणि अंड्यात जीव कसा घडतो ते शिकवायचे. शिकवायचे छान, हेही सांगितलं पाहिजे. "मी जातपात मानत नाही," असं ते वर्गात अधूनमधून सांगत. मीही ते खरं मानून चाललो होतो. त्यांनी जातीचं नाव कधीच घेतलं नाही. त्यांना घ्यावं लागलंच नाही.

प्रॅक्टिकल काय होतं, ते सांगतो. दोन-तीन दिवस उबवलेलं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात धरायचं. कात्रीने वरचं कवच अलगद उघडायचं. बलकावर लाल रेघांचं एक जाळं पसरलेलं असतं, रुपयाएवढं. त्याच्या कडेने कापून ते काचेच्या वाटीत घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. जाळ्याच्या मधोमध एक इवलासा वाकलेला जीव असतो. चोच नाही, पंख नाही, पाय नाही. पण काळीज असतं, आणि ते चालू असतं. पाणी कोमट आहे तोवर ते धडधडत राहतं. पाणी निवलं की हळू होतं, मग थांबतं.

पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. शरीर घडायच्या आधीच काळीज चालायला लागतं! ते चालताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पहिल्या दिवशीची अंडी कॉलेजच्याच उबवायच्या यंत्रातली होती; ते यंत्र दिवाळीनंतर बिघडलं. दुरुस्त करायला माणूस मुंबईहून येणार होता. तो आलाच नाही. बाजारातली अंडी कामाची नव्हती. सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "अरे, तुमच्या घरी कोंबड्या असतीलच."

होत्या. आईने माझ्या मामाकडून, हातोदहून, एक कोंबडा आणि दोन-तीन कोंबड्या आणल्या होत्या. त्यातली एक तेव्हा खुडूक झाली होती, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार. सर म्हणाले, "मग झालं! तिच्याखाली ठेव. गुरुवारी प्रॅक्टिकल. त्या हिशेबाने काढून आण."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई खुराड्याकडे बघत राहिली. आमच्यात बसवलेलं अंडं काढत नाहीत. कोंबडी एकदा बसली की पिल्लं निघेपर्यंत तिच्याखाली हात घालायचा नाही. घातला तर घरातल्या बाळंतिणीला बाधतं, असं आई मानायची. माझी मोठी बहीण त्या हिवाळ्यात बाळंतपणाला माहेरी आलेली होती.

"कॉलेजच्या कामाला पाहिजे?" आईने विचारलं.

"हो."

"शिकायच्या कामाला?"

"हो गं."

आईने हात जोडून कोंबडीपुढे काहीतरी पुटपुटलं. मग अंडी ठेवली. गुरुवारी तिनेच हात घातला, मला घालू दिला नाही. कोंबडीने तिच्या मनगटाला चोच मारून रक्त काढलं. आईने ते पदराला पुसलं आणि अंडी फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिली. तिचा मान सगळा त्या 'शिकायच्या कामा'ला होता.

मग ते दर गुरुवारचंच झालं. टोपली छातीशी धरून मी परदेशीपुऱ्यातून कॉलेजपर्यंत पायी जायचो. अंडी निवू नयेत म्हणून वरून माझी लोकरीची टोपी घालायचो. सदऱ्याला खुराड्याचा वास यायचा. कॉलेजच्या फाटकात शिरलो की इंदुरी बोलीत आरोळी यायची, "आ गए अंडेवाले भिया!" मी हसायचो. हसलं की लवकर संपतं, हे मी लहानपणापासून शिकलो होतो.

आणि माझा हात बसत गेला. आधी बलक फुटायचे, मग फुटेनासे झाले. कवच अलगद निघायचं, लाल जाळं अख्खं वाटीत उतरायचं. मग काय, सगळ्यांचीच अंडी माझ्याकडे. माझ्या शेजारी सुधाकर उभा असायचा. रामबागेतला, चांगल्या घरचा मुलगा. स्वभावाने वाईट नव्हता. तो कानाशी लागायचा, "यार, माझं पण करून दे ना. घरी कळलं ना, तर आई सीधा न्हाणीत पाठवेल मला." पलीकडून कुणी ओरडायचं, "भिया, पहले मेरा!" मी एकेकाचं उघडून द्यायचो. वाटी कोमट असतानाच ज्याची तो ती सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा आणि मग ओरडायचा, "चल रहा है! देख, चल रहा है!" सगळे तिथे गर्दी करायचे. सर मागून वाकून बघायचे आणि ज्याची वाटी त्याला म्हणायचे, "वा, देशमुख! सुरेख काढलंत."

काढलंत. मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो.

सगळ्यांची झाली की माझं. तोवर मिठाचं पाणी निवलेलं असायचं. तास संपत आलेला असायचा. सूक्ष्मदर्शक कमी होते, एखादा मोकळा झाला तर मिळायचा. मी डोळा लावायचो. लाल जाळं दिसायचं, वाकलेला जीव दिसायचा. काळीज दिसायचं. थांबलेलं.

मी वहीत त्याचं तसंच चित्र काढून रंगवून ठेवायचो. 'हृदय चालू असल्याचे दिसते' असं मात्र लिहायचो, कारण तसं लिहिल्याशिवाय मार्क नव्हते.

मग भांडी. पहिल्याच गुरुवारी लॅबच्या चपराशाने हात वर केले होते. तो उत्तरेकडचा, कपाळाला गंध लावणारा. सरांना सरळ म्हणाला, "अंडे के बरतन हम नहीं छुएँगे साब, नौकरी रहे चाहे जाए." मला वाटलं, सर त्याला दटावतील. सर म्हणाले, "ठीक है, ठीक है. वो धो देगा." आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नळाखाली बसलो. मुलं हात धुवायला दुसऱ्या नळावर गेली. त्यांच्या हाताला काही लागलेलंच नव्हतं, तरी साबण लावून धूत होती.

चपराशाच्या नाही म्हणण्याला किंमत होती. मला नाही म्हणता येतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

त्याच हिवाळ्यात सरांनी वर्गात उंदरांची गोष्ट सांगितली. एका परदेशी शास्त्रज्ञाने पिढ्यान् पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. तरी प्रत्येक पिढीला पिल्लं झाली ती शेपटीसकट. सर म्हणाले, "लक्षात ठेवा. जन्मानंतर शरीराला जे होतं, सवय असो की इजा, ते बीजात उतरत नाही. आईबापाने काय काम केलं, याचा पोराच्या बीजाला पत्ता नसतो." मला ते फार आवडलं. घरी येऊन मी दादांना सांगितलं. मिलमध्ये विणायच्या साच्यात सापडून दादांच्या एका बोटाचं पेर गेलं होतं. ते म्हणाले, "म्हणूनच तुझी बोटं पूर्ण आहेत का रे?" आणि खूप हसले.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजचे कुणी बडे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले. टाय लावलेले, सोनेरी चष्म्याचे. मी अंडं उघडत होतो. ते थांबून बघत राहिले. म्हणाले, "मुलाचा हात चांगला आहे."

सर हसले. माझं मनगट धरून त्यांनी माझा हात वर केला. ओला हात, बोटांवर बलक. सगळ्या वर्गाला दिसेल असा.

"हे बघा," ते म्हणाले, "आपल्याला हे जमायचं नाही. हे हातच वेगळे. पिढ्यान् पिढ्यांचं काम हातात उतरलेलं असतं. हेरेडिटी!"

पाहुणे हसले. मुलं हसली. सुधाकरही हसला. हात वर होता. मनगटावरून पाणी ओघळून माझ्या काखेत गेलं.

आणि मी काय केलं? मी माझ्या हाताकडे पाहिलं. खरंच पाहिलं. रुंद आहे का, जाड आहे का, वेगळा आहे का ते. एक क्षण मला ते खरं वाटलं. आजोबांच्या हातात बंदूक होती. दादांच्या हातात मिलचं सूत. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कुणी अंडी फोडत बसलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझाही बलक फुटला होता, सगळ्यांसमोर. हात बसला तो मार्गशीर्षापासून माघापर्यंत बलक फोडून बसला. हे सगळं मला माहीत होतं. उंदरांच्या शेपट्या माहीत होत्या, त्यांनीच शिकवल्या होत्या. तरी मी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि तो मला एखाद्या जनावराच्या पंजासारखा दिसला.

सरांनी हात सोडला. मी पुढचं अंडं घेतलं.

त्या दिवसाची लाज अंगातून जात नाही. दुसऱ्याने अपमान करावा, ते एक. आपण स्वतःच्या डोळ्यांनी त्याला साक्ष द्यावी, हे फार वाईट.

परीक्षा जवळ आली. शेवटच्या गुरुवारी सरांना काही अंडी जरा उशिरा हवी होती, पूर्ण तीन दिवसांची. ती सकाळी कोंबडीखालीच ठेवायची होती. आई म्हणाली, "तू जा. दुपारी मी घेऊन येते. तुझं कॉलेज पण बघून होईल."

ती आली. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, केसांना तेल. टोपली पोटाशी. चपराशाने तिला पुढच्या दाराने सोडलं नाही, मागून पाठवलं. मागच्या दाराशीच नळ होता. तिथे मी उकिडवा बसलो होतो, आणि माझ्याभोवती सगळ्यांच्या वाट्या, कात्र्या, तसराळी. उघड्या दारातून आत सगळा वर्ग दिसत होता. मुलं सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. सर त्यांच्यात उभे.

सरांनी तिला पाहिलं. तिथूनच म्हणाले, "बाई, खाली ठेवा. हळू. हं, या आता."

"जी, साहेब," आई म्हणाली. खाली वाकून टोपली ठेवली. मग माझ्याकडे बघत उभी राहिली. माझे हात फेसात होते. मी उठलो नाही. उठून काय करायचं, तेच कळेना.

आई मागच्या दारानेच परत गेली.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती चुलीपुढे होती. पाठ माझ्याकडे. तव्यावर भाकरी टाकत विचारलं, "तू शिकतो का तिकडे, की बरतनं घासतो?"

"दोन्ही."

"बाकीची पोरं पण घासतात?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"मी कोंबडीचे शाप घेतले रे. घरात बाळंतीण असताना बसवलेली अंडी काढली. तू शिकतो म्हणून काढली." ती वळली. रडत नव्हती. रडली असती तर सोपं गेलं असतं. "त्या काचेत जे दिसतं म्हणतो, ते तू तरी बघितलं का?"

"नाही," मी म्हणालो. "माझी पाळी येईस्तोवर थांबतं ते."

आईने भाकरी उलटली. त्या घरात मला बसायला जागा सापडेना. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि कधी नव्हे ते रडलो. सरांवर चिडून नव्हे. पोरांवर चिडूनही नव्हे. आईला खोटं सांगून तिच्याकडून पाप करवलं, आणि ते पाप दुसऱ्यांच्या मार्कांसाठी होतं, म्हणून.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. बाहेरगावचे परीक्षक येणार होते. सर म्हणाले, "उद्या असं कर. तू लवकर ये आणि आतल्या खोलीत बस. मी एकेकाच्या टेबलावर वाटी पाठवतो. सगळ्यांची झाली की तुझी कर. तुला काय, सवय आहे."

"सर, माझी वेळ जाईल."

"अरे, तुझं मी बघतो. पास होशील." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि पुढे एम.एस्सी.चं मनात आहे ना? माझ्या शिफारशीशिवाय कुणी दारात उभं करणार नाही तुला."

मी "बरं, सर" म्हणालो. जिभेची सवय.

सकाळी अंडी घेऊन गेलो. आईने दिली. कशी दिली, ते तिचं तिला माहीत. टोपली लांब टेबलावर मधोमध ठेवली. एक अंडं उचललं आणि माझा नंबर चिकटवलेल्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. स्टोव्हवरचं पाणी घेतलं, बोट घालून पाहिलं. कोमट होतं.

सर आतल्या खोलीच्या दारातून खुणावत होते. मी खूण पाहिली आणि जागचा हललो नाही. मग ते जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "चल. आत."

"नाही, सर. माझा नंबर इथे आहे."

"अरे, पोरं नापास होतील!"

"अंडी टेबलावर आहेत, सर. त्यांनी फोडावीत."

"त्यांच्या घरी चालत नाही, तुला माहीत आहे."

"माझ्या घरीसुद्धा बसवलेलं अंडं काढलेलं चालत नाही, सर. माझी आई दिवाळीपासून काढते आहे."

माझा आवाज कापत होता. कुणाला वाटेल, मोठ्या वीरासारखा उभा होतो. मुळीच नाही. वाटत होतं की सरांनी एकदा 'अरे' म्हणून पाठीवर हात ठेवला तर मी जाईन. त्यांनी ठेवला नाही. परीक्षक आत येत होते. सरांचा चेहरा बदलला आणि ते हसत परीक्षकांकडे वळले.

मी अंडं पाण्यात धरलं. इतके महिने दुसऱ्यांसाठी केलं ते पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. जाळं वाटीत उतरवलं. परीक्षकांना बोलावण्याआधी मी डोळा लावला.

चालू होतं. केवढंसं ते, मोहरीच्या दाण्याएवढं. आकसत होतं, सुटत होतं. दर आकसण्याला लाल रेघांतून रक्त सरकत होतं. कुणी ढकलत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं. मी बघत राहिलो. परीक्षक मागे येऊन उभे राहिले तरी बघत राहिलो. त्यांनी खाकरलं. मग मी सरकलो. त्यांनी पाहिलं, विचारलं, "ये ख़ुद निकाला?"

"जी. ख़ुद."

मागे गोंधळ माजला होता. सुधाकरने अंडं नारळासारखं टेबलाच्या कडेवर आपटलं होतं. ते त्याच्या पांढऱ्या पँटवर फुटलं. तो हात पसरून तसाच उभा राहिला. दुसऱ्याने कात्री थेट बलकात खुपसली. अंडं हातात किती जोराने धरायचं, हेच त्यांना माहीत नव्हतं. जन्मात धरलं नव्हतं. एका जैन मुलाने अंड्याला हात लावला नाही. हात मागे बांधून उभा राहिला आणि मार्क सोडले. त्याने ते निदान स्वतःच्या अंगावर घेतलं. पण इतके महिने माझ्या हातून फोडवून घेताना हे पाप कुठे गेलं होतं, हे त्याला विचारायचं राहिलं.

मला आनंद झाला का? नाही. सुधाकरची पँट बघून मला हसूही आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते माझ्या ओळखीचं होतं. सगळ्यांसमोर हात घाण झाल्यावर माणूस कसा दिसतो, ते मला माहीत होतं. मी माझी वाटी, माझी कात्री, माझं तसराळं धुतलं. बाकीची तशीच होती. आईची टोपली उचलली आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो.

परीक्षकांनी मार्क चांगले दिले. पण वर्षभराच्या कामाचे मार्क सरांच्या हातात होते. त्यांनी ते असे दिले की माझा पहिला वर्ग थोडक्यात गेला. कारण विचारायला गेलो तर म्हणाले, "वर्षभर तुझं स्वतःचं काम कुठे दिसतं?" ते खरंच होतं. माझं काम सगळ्यांच्या वह्यांत होतं.

पावसाळ्यात कॉलेज उघडलं तेव्हा सुधाकर घरी आला. आमच्या गल्लीत पहिल्यांदाच. ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला, "सर बोलावतात. म्हणाले, झालं गेलं सोडून देऊ."

गेलो. प्रयोगशाळा तशीच होती. यंत्र अजून बंदच. सर चांगलं बोलले, नेहमीसारखंच. म्हणाले, "बस." माझ्यासाठी स्टूल पुढे केलं. तेही पहिल्यांदाच.

"हे बघ, नवी बॅच आली आहे. तू गुरुवारी येत जा. आईला सांग, कोंबडी बसव. मी तुझी शिफारस आजच लिहितो. तुझं भलंच व्हावं असं मला वाटतं."

आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. हे भलं तो माणूस मनापासून करत होता, म्हणूनच ते इतकं जड होतं. एम.एस्सी. माझ्यापासून हातभर लांब होती. गुरुवारचे दोन तास. मन डगमगलं, हेही सांगतो. दादा फाटकावर काय सांगतील, ते डोळ्यांपुढे आलं. "पोरगा एम.एस्सी. करतो." 

मग सरांच्या मागे नळ दिसला. कोरडा होता. तिथे अजून कुणी बसलेलं नव्हतं.

"सर," मी म्हणालो, "माझी आई कोंबडी बसवणार नाही. मी येणार नाही. शिफारस करायची असेल तर माझ्या मार्कांवर करा."

"विचार कर."

"केला, सर."

"पस्तावशील."

मी स्टुलावरून उठलो. या वेळी आवाज कापला नाही.

शिफारस आली नाही. एम.एस्सी. गेली ती गेलीच, आणि तिचं दुःख मी झाकत नाही. हातोदच्या शाळेत मास्तर झालो. पण ठरलं ते त्या दिवशी, प्रयोगशाळेच्या जिन्यावरून उतरताना. मी शिकत राहणार. आणि कुणाची भांडी धुण्याच्या बोलीवर शिकणार नाही, मग कुणी ते भलं कितीही गोड बोलून करो. आयुष्यात पुढे आणखी पुष्कळ दारं त्याच बोलीवर उघडी झाली. मी आत गेलो नाही. जाणार नाही.